घाटमाथ्यावरील उघड्या पठारावर हिवाळ्यातील पहिली रात्र : मुंबईकर नवशिक्यांसाठी

मुंबईत थंडी पडली की तिची बातमी होते. सांताक्रूझ येथील नोंदीतील नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ चे आहे. एरवी ऐन जानेवारीतही येथे पहाटेचा पारा सोळा-सतराच्या फारसा खाली उतरत नाही. त्यामुळे मुंबईच्या घरात लोकरीचे कपडे असलेच तर ते एखाद्या उत्तरेकडच्या सहलीसाठी घेतलेले असतात आणि उघड्यावर झोपण्याचा अनुभव असलाच तर तो गावच्या अंगणातल्या उन्हाळी रात्रींचा असतो. अशा माणसाने डिसेंबरात घाटमाथ्यावर तंबू लावून राहायचे ठरवले की तो पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे वर थंडी किती असेल. हा प्रश्न अपुरा आहे. आठ-दहा अंशांची थंडी अंग कोरडे असेल, वारा अडलेला असेल आणि अंगाखाली जाड आच्छादन असेल तर सहज निभावते. ओला बनियन, वाऱ्याच्या तोंडची जागा आणि पातळ चटई एवढे तीन दोष जमले तर तीच थंडी रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही. म्हणून पुढील बहुतेक सूचना तापमानापेक्षा घाम आणि दव, वारा आणि जमीन यांच्याविषयी आहेत.

काळ निवडताना

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ या कामासाठी योग्य असतो, परंतु या तीन महिन्यांचे स्वरूप एकसारखे नसते. नोव्हेंबरात गवत ओलसर असते, कातळात कोरलेल्या टाक्यांत पाणी असते आणि दव इतके पडते की पहाटे तंबूवरून ओघळ वाहतात. जानेवारीत हवा कोरडी आणि अधिक थंड असते, पाणी आटू लागते आणि वाळलेल्या गवताला ठिणगीही पुरते. पहिल्या रात्रीसाठी मी डिसेंबर सुचवीन. या महिन्यात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो, म्हणजे रात्र सुमारे तेरा तासांची असते. नवख्या माणसाने थंडीइतकाच या लांबीचाही विचार करावा, कारण आठ वाजता तंबूत शिरल्यानंतर पहाट फार दूर असते. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतील उल्कावर्षाव असतो. त्या दिवसांत चंद्रप्रकाश नसेल तर जागे राहण्याचे दुःख कमी होते.

हिवाळ्यात पाऊस नसतो हे गृहीत धरू नये. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक, नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या काही भागांत अवकाळी पावसासह मोठी गारपीट झाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज पाहावा. आपण मुंबईत राहत असलो तरी अंदाज ज्या जिल्ह्यात पठार आहे त्याचा पाहावा लागतो, ही साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मेघगर्जनेचा इशारा असेल तर बेत रद्द करावा. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विजेपासून तंबू कोणतेही संरक्षण देत नाही.

कोणते पठार

पहिल्या रात्रीसाठी जागेची निवड सौंदर्यावरून करू नये. अर्ध्या तासाच्या चालीवर वस्ती आहे का, वर पाणी आहे का आणि अंधारात खाली उतरावे लागले तर वाट सरळ आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. या दृष्टीने लोणावळ्याजवळील राजमाचीचा परिसर उत्तम आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव आहे, तेथे जेवण मिळते आणि गावकऱ्यांना विचारून त्यांच्या मोकळ्या जागेत तंबू लावता येतो. लोणावळ्याहून चालत जायचे तर पंधरा-सोळा किलोमीटरची सौम्य वाट आहे. चढण्याची तयारी असेल त्यांना नाणेघाटाचे पठार आहे. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने टोकावड्यापुढे वैशाखरे गाठायचे, तेथून जवळच घाटाची वाट सुरू होते आणि माथ्यावर सातवाहनकालीन लेणे व जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहून पुढे घाटघरच्या दिशेने पसरलेल्या माळावर जागा शोधायची. मात्र नाणेघाटाच्या खिंडीतून वारा एकवटून येतो, त्यामुळे खिंडीच्या अगदी तोंडाशी तंबू लावणे टाळावे.

हरिश्चंद्रगडाविषयी सर्वाधिक विचारणा होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात हा गड आहे आणि पाचनईहून जाणारी वाट नवख्यांना झेपण्याजोगी आहे. कसाऱ्याला लोकलने उतरून घोटी-राजूरमार्गे जीपने पाचनई गाठता येते. परंतु हा सर्व भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभागाचे त्या काळी लागू असलेले नियम गावात पोहोचण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. शनिवारी गडावर गर्दीही होते. निवांतपणा हवा असेल तर आठवड्याच्या मधला दिवस पाहावा किंवा दुसरे ठिकाण निवडावे. कास पठार तर या यादीतच धरू नये. २०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा अंतर्भाव आहे आणि तेथील पातळ मातीवर तंबू लावणे हा निव्वळ विध्वंस आहे.

परवानगीचा विषय थोडक्यात असा. राखीव जंगलात आग पेटवणे व विनापरवाना प्रवेश करणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा ठरू शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मुक्कामाला मनाई असू शकते. आणि यांपैकी काहीच लागू नसेल तर ती जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते. त्यामुळे गावात शिरताच पोलीस पाटील, वनसमितीचे सदस्य किंवा ज्यांच्याकडे जेवायचे आहे ते दादा यांना आपली नावे, तंबू कोठे लावणार आणि सकाळी किती वाजता उतरणार हे सांगावे. यातून परवानगीचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय सकाळी आपण उतरलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येते.

सामान, आणि गच्चीवरची तालीम

मुंबई-ठाण्यात तंबू आणि स्लीपिंग बॅग भाड्याने मिळतात. पहिल्या वेळी विकत घेण्याची घाई करू नये. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर छापलेले अंक नीट वाचावेत. ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेले तापमान हे साधारणपणे आरामात झोप लागण्याचे असते, ‘लिमिट’ हे त्याहून कमी असलेले तापमान अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचे असते आणि ‘एक्स्ट्रीम’ हा अंक तर जीव वाचण्याच्या हिशेबाचा असतो. दुकानदार पुष्कळदा यांतला सर्वांत कमी आकडा सांगतो. सह्याद्रीसाठी पाच अंश कम्फर्टची बॅग पुरेशी आहे.

परंतु बॅगेपेक्षा तिच्याखालील थर महत्त्वाचा आहे. अंगाच्या वजनाने बॅगेतील कापूस किंवा तंतू दबले जातात, त्यांतली हवा निघून जाते आणि पाठीकडून उष्णता थेट कातळात जाऊ लागते. योगासनांसाठी वापरतात ती पातळ चटई एकटी पुरत नाही; फोमच्या दोन चटया एकावर एक घ्याव्यात, किंवा एक चटई आणि तिच्यावर धनगरी घोंगडी अंथरावी. घोंगडी जड असते हे खरे, पण लोकर थोडी दमट झाली तरी ऊब टिकवून धरते, आणि रात्री तंबूबाहेर बसायचे तर तिच्यासारखे पांघरूण नाही.

तंबू दोन थरांचाच असावा. आतला जाळीचा थर आणि बाहेरचे पाणीरोधक आच्छादन यांच्यात हवा खेळती राहिली पाहिजे. एकेरी थराच्या स्वस्त तंबूत आपल्याच श्वासातली वाफ छतावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने तोंडावर पडते. शिवाय खांब स्वतःच्या बळावर उभे राहणारा घुमटाकार तंबू घ्यावा, कारण घाटमाथ्याच्या कातळात मेख शिरतेच असे नाही.

कपड्यांत सुती वस्तू शक्य तितक्या कमी ठेवाव्यात. चढताना सुती बनियन घामाने भिजतो आणि वर पोहोचून वारा लागला की अंगाची ऊब शोषून घेतो. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, त्यात मोजेही आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि तो फक्त झोपण्यासाठी राखावा. माकडटोपीला मुंबईत हसतात. पठारावर रात्री दोननंतर कोणी हसत नाही. यांखेरीज डोक्याला लावायची बॅटरी, तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, माणशी किमान तीन लिटर पाणी आणि एक थर्मास घ्यावा.

हे सर्व सामान घेऊन निघण्यापूर्वी एक रात्र इमारतीच्या गच्चीवर काढावी. सोसायटीच्या सचिवांची परवानगी मिळवणे हे वन विभागाच्या परवानगीपेक्षा अवघड असू शकते, पण ही तालीम टाळू नये. तंबू एकदा दिवसा आणि एकदा दिवे घालवून फक्त बॅटरीच्या प्रकाशात लावावा. गच्चीच्या टणक फरशीवर झोपल्यावर चटई पुरते की नाही हे पहिल्या तासातच कळते.

चुलीविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. गॅसची डबी, स्टोव्ह, रॉकेल यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू रेल्वेने नेणे गुन्हा आहे, आणि मुंबईहून निघणारे बहुतेक जण कसारा, कर्जत किंवा लोणावळ्यापर्यंत रेल्वेनेच जातात. पहिल्या मुक्कामात स्वयंपाकाचा मोहच धरू नये हे माझे स्पष्ट मत आहे. गावात पिठले-भाकरी, ठेचा आणि भात गरमागरम मिळतो, गावकऱ्यांना चार पैसे मिळतात आणि थर्मासमध्ये उकळते पाणीही भरून घेता येते. बरोबर तिळाची चिक्की, गूळ-शेंगदाणे आणि डिंकाचे लाडू असले की रात्रीची सोय झाली. स्वतःच्या गाडीने जाऊन स्टोव्ह नेलाच तर तो तंबूच्या आत कधीही पेटवू नये. बंद जागेतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होत नाही.

जागा आणि तंबू

पठारावर चार वाजेपर्यंत पोहोचण्याच्या हिशेबाने पहाटेची लोकल पकडावी. शुक्रवारी कचेरीतून सुटून रात्री चढायला सुरुवात करण्याची मुंबईत चाल आहे. नवख्यांनी ती पाळू नये. पोहोचताच, अंगात चढण्याची ऊब असतानाच, घामाचा बनियन बदलावा आणि मग जागा पाहायला निघावे.

नवखा माणूस हमखास दोन जागांकडे ओढला जातो, एक कड्याच्या टोकाशी आणि दुसरी खोलगट, गवताळ, आडोशाच्या भागात. दोन्ही चुकीच्या आहेत. कड्यावर वारा उघडा असतो आणि रात्री लघवीला उठलेल्या झोपाळू माणसाला अंधारात काठ दिसत नाही. काठापासून शंभर मीटर तरी दूर राहावे. खोलगट भागाचा दोष कमी लोकांना ठाऊक असतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल जागी साचते. महाबळेश्वरात दर हिवाळ्यात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा गावातले तापमान त्याहून बरेच अधिक असते, ते याच कारणाने. तलावाकाठी दवही जास्त आणि पाणी प्यायला येणारी जनावरेही. म्हणून खोलगट भागापासून थोड्या उंचीवर, सौम्य उतारावर, कारवीच्या झुडपांच्या जाळीच्या किंवा शेताच्या बांधाच्या आडोशाला जागा घ्यावी. वारा कोणत्या दिशेचा आहे हे चिमूटभर सुके गवत उडवून पाहावे, आणि सायंकाळी तो पडला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण मध्यरात्रीनंतर तो पुन्हा उठू शकतो. कड्याच्या कपारींत आग्या मोहोळे लटकलेली असतील तर त्या बाजूला जाऊच नये; धूर, आरडाओरड आणि उग्र अत्तर यांनी त्या माश्या चवताळतात.

जागा ठरल्यावर गुडघ्यावर बसून ती तळहाताने चाचपावी. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जमिनीत सुपारीएवढे खडे असतात, आणि पहाटे तीन वाजता त्यांतला प्रत्येक खडा बरगडीला मोजता येतो. वाळक्या गवताची कुसळे मोज्यांत घुसून तेथून स्लीपिंग बॅगेत पोहोचतात, म्हणून आत शिरण्यापूर्वी मोजे उलटे करून ती वेचावीत.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या उलट दिशेला करावे. मेख शिरत नसेल तेथे दगड वापरावे लागतात, पण दोरीवर नुसता दगड ठेवला तर वाऱ्याच्या हिसक्याने ती निसटते. दोरी एका लांबट, मध्यम दगडाला दोन वेढे देऊन बांधावी आणि त्या दगडाच्या पुढे दुसरा जड दगड टेकवावा. दगड उचलताना मात्र घाई करू नये. उघड्या, खडकाळ माळावर दगडांखाली फुरसे हा विषारी साप आणि विंचू राहतात. थंडीत ते सुस्त असतात, नाहीसे झालेले नसतात. दगड आधी काठीने ढकलून आपल्याकडेच कलता करावा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे होते, आणि मगच हात घालावा. वापरलेले दगड सकाळी होते तेथे ठेवावेत. बाहेरचे आच्छादन सर्व बाजूंनी ताणून घ्यावे. ते सैल राहिले तर दवाने आणखी सैल होऊन आतल्या थराला चिकटते आणि तेथून पाणी झिरपते. हवेसाठी ठेवलेल्या झडपा थंडीच्या भीतीने बंद करू नयेत. त्या बंद केल्या तर ऊब फारशी वाढत नाही, ओल मात्र नक्की वाढते.

शेकोटी करू नये. मुंबईकराच्या मनात तंबू आणि शेकोटी यांची सांगड पक्की असते, परंतु वाळलेल्या माळावर एका ठिणगीने वणवा लागतो, त्यात वाड्या-वस्त्यांचा चारा जातो, आणि तो विझवायला त्याच गावातील माणसे रात्री हिरव्या फांद्या घेऊन धावतात. गावातल्या अंगणात जेवताना शेकून घ्यावे, तेवढे पुरते.

रात्र

जेवण गावात उरकून अंधार पडण्याआधी तंबूकडे परतावे. झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे किंवा उठाबशा काढाव्यात, घाम येईल इतक्या नव्हेत. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आपलीच ऊब ती धरून ठेवते. थंड अंगाने आत शिरल्यास गरम व्हायला फार वेळ लागतो. थर्मासमधले गरम पाणी स्टीलच्या बाटलीत ओतून, झाकण घट्ट असल्याची खात्री करून, बाटली मोज्यात घालावी आणि पायांशी ठेवावी. तोंड बॅगेच्या बाहेर ठेवून टोपी घालावी, कारण आत श्वास सोडला तर बॅग दमट होते. फोन आणि बॅटरीचे सेल बॅगेत जवळ घ्यावेत. थंडीत त्यांची शक्ती लवकर उतरते. लघवीला लागली तर थंडीमुळे टाळाटाळ करू नये, अवघडून पडून राहिल्याने झोप लागतच नाही. उठताना सोबत्याला सांगावे, बॅटरी लावावी आणि बूट झटकून मगच घालावेत.

मद्य टाळावे. त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीराची आतली उष्णता मात्र वेगाने बाहेर जाते. ज्या पठाराला तीन बाजूंनी कडे आहेत तेथे याहून अधिक कारण सांगण्याची गरज नसावी.

कोणी सतत कुडकुडत असेल तर त्याला आधी कोरडे कपडे, मग टोपी, मग गोड खाणे आणि कोमट पेय द्यावे. बोलणे अडखळू लागले, बोटांना चेन लावता येईना किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असताना कुडकुडणे थांबले, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. त्याला दुसऱ्या स्लीपिंग बॅगेत गुंडाळून गावाची आणि डॉक्टरची मदत तातडीने मागवावी. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र-जडीबुटी यांत वेळ घालवू नये. अवयव स्थिर ठेवून, माणसाला शक्यतो न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर भारतात एकच बहुगुणी प्रतिविष वापरले जाते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नसते. लाल विंचवाचा दंशही हलका समजू नये; महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रूढ केलेला प्राझोसिन या औषधाचा उपचार रुग्णालयातच, वेळेत मिळावा लागतो. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, आणि वर कोणत्या टेकाडावर रेंज येते हे गावातच विचारून घ्यावे.

सकाळी

उजाडल्यावर घाई करू नये. तंबू, चटया आणि बॅगा दवाने ओल्या असतात आणि तशाच गुंडाळल्या तर त्या ओझ्यालाही जड होतात. बाहेरचे आच्छादन सोडवून, झटकून कारवीवर उलटे पसरावे. ऊन वर आले की तासाभरात ते वाळते. तोपर्यंत कचरा गोळा करावा. चिक्कीचा कागद, ओले टिश्यू, तुटलेली दोरी, आधीच्या कोणी टाकलेल्या बाटल्या, सर्व पिशवीत भरून मुंबईपर्यंत न्यावे, कारण गावात कचरा उचलण्याची व्यवस्था बहुधा नसते आणि तेथे टाकलेली पिशवी शेवटी जाळलीच जाते. शौचासाठी शक्यतो गावातील सोय वापरावी. पठारावरच जावे लागले तर पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून तो बुजवावा. मातीचा थर बोटभरच असेल तेथे हे जमत नाही, म्हणून वर जाण्यापूर्वीच विचार करावा.

उतरताना ज्यांना आदल्या दिवशी नावे सांगितली होती त्यांना खाली आल्याचे कळवावे. घरी पोहोचल्यावर स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून दोन दिवस गॅलरीच्या दोरीवर टाकावी. मुंबईच्या दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या बॅगेला आठवड्यात बुरशीचा वास धरतो, आणि भाड्याची असेल तर अनामत रक्कम परत मिळत नाही.